दहा फूट चार इंच

१

टेपराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण कचेरीत कुणी खऱ्या नावाने हाक मारली असती तर त्याने मानही वर केली नसती. बँकांनी घरासाठी कर्ज देण्याआधी ते घर जाऊन बघायचं, मोजायचं आणि छापील फॉर्मवर लिहून द्यायचं, हे त्याचं काम. अठरा वर्षं तो लोकांच्या स्वयंपाकघरांत आणि न्हाणीघरांत टेप सोडत फिरत होता. भिंतीला हात लावला की आतली ओल त्याला कळायची. अर्ध्या इंचाची चूकसुद्धा अजून त्याच्या नावावर नव्हती, आणि याचा त्याला चांगलाच ताठा होता.

कचेरीतले मोठे साहेब नव्या माणसाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट ऐकवायचे. "रिपोर्ट म्हणजे त्या दिवसाचं घर. काल काय होतं आणि उद्या काय होईल, आपल्याला देणंघेणं नाही. लिहिताना चूक झाली तर एक रेघ मारा, वर खरं लिहा, सही करा. तारीख तीच राहील. आणि आजचं घर लिहायचं असेल, तर पुन्हा जा, पुन्हा बघा, नवा फॉर्म भरा." टेपरावने हे इतक्यांदा ऐकलं होतं की साहेबांची नक्कल करून तो ते म्हणून दाखवायचा.

स्टेशनामागच्या त्या घरी तो पहिल्यांदा गेला तो असाच कामावर, कुणा भलत्याच गिऱ्हाइकाच्या फाइलसाठी. तिसरा मजला, चालती लिफ्ट, घरमालक निवृत्त तिकीट तपासनीस. बाहेरची खोली, मग स्वयंपाकघर, आणि आत एक खोली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तीन नंबरचा फलाट समोर दिसत होता, अगदी त्यावरच्या बाकाच्या फळ्या मोजता याव्यात इतका जवळ.

आतल्या खोलीत लोखंडी पलंगावर एक म्हातारी बाई दाराकडे पाठ करून बसली होती आणि उशीच्या अभ्र्याला बटण लावत होती. "जरा टेप टाकतो हं," तो म्हणाला. तिने मागे वळून पाहिलं नाही. फक्त दोन्ही पाय जमिनीवरून उचलले आणि टेपला वाट दिली. पिवळी पट्टी तिच्या पायांखालून समोरच्या भिंतीपर्यंत गेली. दहा फूट चार इंच. त्याने आकडा लिहून टेप ओढून घेतला, तेव्हा तिने पाय खाली ठेवले आणि दोरा दाताने तोडला.

तपासनीसाने त्याला स्वयंपाकघरात नेलं. "ती माझी मोठी बहीण, ताई. ती जाणारच आहे हो. तुम्ही ती खोली रिकामी लिहा."

"पण त्या तर बसल्यात आत."

"कुणी राहतं असं लिहिलंत की तिची सही लागणार. ती सही करायची नाही आणि माझं सगळं अडून बसेल. साहेब, एक शब्द तर लिहायचाय."

फॉर्मवर दोनच पर्याय होते, वापरात किंवा रिकामी. टेपरावने 'रिकामी' लिहिलं. का लिहिलं, याची उत्तरं पुढे त्याने स्वतःला बरीच दिली. उशीर झाला होता, समोरचा माणूस हात जोडत होता, सगळेच लिहितात. खरी गोष्ट इतकीच होती की 'वापरात' लिहिलं असतं तर पुन्हा एक खेप पडली असती, आणि त्याला कंटाळा आला होता.

२

ते गिऱ्हाईक गाड्यांच्या आवाजाला भिऊन मागे फिरलं आणि घर टेपरावनेच घेतलं.

यात लबाडी नव्हती, असं तो बायकोला दोनदा म्हणाला. तिने विचारलं नसताना म्हणाला. चार वर्षं ते स्टेशनाजवळ घर शोधत होते. त्याच्या आईला आठवड्यातून एकदा इस्पितळात न्यावं लागे आणि बस बदलता बदलता तिचे गुडघे बोलायला लागत. बबडीची, म्हणजे त्याच्या मुलीची, शाळा दोन स्टेशनं पलीकडे होती. कचेरीने जुनाच रिपोर्ट पुढे पाठवला. घर तेच आणि मोजमाप तेच, मग कुणी कशाला पुन्हा जाईल?

किल्ल्या देताना तपासनीस म्हणाला, "ताईला गाडीत बसवून दिलं." टेपरावच्या जिभेवर 'कुठल्या' हा शब्द आला होता. तो त्याने गिळला आणि किल्ल्या मोजून घेतल्या.

आतली खोली आईची. तिचा पलंग साडेसहा फूट, लग्नातलं लाकडी कपाट साडेतीन फूट. एकाच भिंतीला लावायचे, एकूण दहा, वर चार इंच मोकळे. टेपरावने कागदावर आखून ठेवलं होतं. हमालांनी पलंग लावला, कपाट आत आणलं, आणि कपाट बसेना. थोडंथोडकं नव्हे, चौदा इंच कमी पडत होते.

"ओढा आणखी," टेपराव म्हणाला.

"भिंत ओढू का साहेब?" हमाल म्हणाला.

त्याने टेप लावला. आठ फूट दहा इंच. पट्टी पलंगाच्या मधोमध कशाला तरी अडून किंचित वर उचलल्यासारखी होत होती. खाली बघितलं तर साफ फरशी. पुन्हा लावला, पुन्हा आठ दहा. दुसरा टेप आणला, तोही तेच बोलला.

"अठरा वर्षांत पहिल्यांदा चुकलात, तेही स्वतःच्या घरात," बायको हसून लोटपोट झाली. "आता कचेरीत तोंड कसं दाखवणार?" तोही हसला. जुना आकडा घाईत लिहिला असणार, असं त्याने मनाला समजावलं. पण आकडा लिहिताना त्याला घाई नव्हती. घाई झाली होती ती त्याच्या खालच्या रकान्यात. कपाट बाहेरच्या खोलीत उभं राहिलं आणि येता-जाता सगळ्यांच्या कोपरांना लागू लागलं.

३

आईला घर फार आवडलं. सकाळचा चहा घेऊन ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायची आणि फलाटावरच्या माणसांवर शेरे मारायची. "तो बघ, रोज धावतो आणि रोज गाडी चुकवतो. पाच मिनिटं आधी उठ की मेल्या!" गाडी आली की खिडकीतला फलाट झाकला जायचा आणि गाडी गेली की निराळीच माणसं उभी असायची. याची तिला लहान मुलासारखी गंमत वाटे.

पहिल्याच आठवड्यात इस्पितळातून परतताना टेपराव आईला घेऊन तीन नंबरवर उतरला. आई दमली होती, म्हणून तो तिला त्या बाकावर बसवू लागला. तिथला म्हातारा हमाल हसून म्हणाला, "साहेब, आजीबाईंना बसवून पाणी आणायला जाऊ नका म्हणजे झालं."

"म्हणजे?"

हमालाने त्याला जरा बाजूला घेतलं. "दोन महिन्यांमागची गोष्ट. एक बाई सकाळपासून इथं बसलेली, जवळ गाठोडं. म्हटलं, आजी, कुठं जायचंय? म्हणाली, भाऊ पाणी आणायला गेलाय, तो आला की सांगेल. दुपार झाली, संध्याकाळ झाली. मी चहा दिला तर घेतला नाही. म्हणे, भाऊ पाणी आणतोय."

"मग?"

"मग काय. एक गाडी आली नि गेली. बाक रिकामा."

"गाडीत चढली असेल."

"असेल," हमाल म्हणाला. "चढताना मी पाहिली नाही."

आई विचारत होती, काय म्हणत होता रे तो? "काही नाही, सामान आहे का विचारत होता," तो म्हणाला. त्या बाईचं असं होण्यात आपला हात आहे, हे त्याला तिथेच, भर गर्दीत, लख्ख कळलं. हे त्याने कुणालाही सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

४

मग कपांचं झालं. बायकोने ट्रेमध्ये तीन कप आणले. एक तिचा, एक त्याचा, एक बबडीच्या दुधाचा. आई समोरच बसली होती. "अगं बाई!" बायकोने जीभ चावली. "आई, माझं डोकं ठिकाणावर नाही आज."

"असू दे गं," आई म्हणाली. "साखर कमी कर म्हणून डॉक्टर सांगतातच. तू चहाच बंद केलास."

सगळे हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन कप आले. त्यानंतरच्या रविवारी बबडी आतल्या खोलीतून बाहेर आली, दिवा घालवला आणि दार ओढून घेतलं. आत अंधारातून आईचा आवाज आला, "अगं कार्टे, मी काय फर्निचर आहे का?" बबडी दचकली. ती वात्रट मुलगी नव्हती. "मला वाटलं, आत कुणी नाही," ती रडवेली होऊन म्हणाली, आणि ते खरं होतं हे टेपरावला तिच्या तोंडाकडे बघून कळलं.

समोरची शेजारीण सोसायटीच्या वहीत माणसं लिहायला आली. "तुम्ही तिघं ना?" तिने विचारलं. याच बाईने चार दिवसांपूर्वी आईची पिशवी लिफ्टपर्यंत धरली होती आणि दोघींनी गुडघ्यांच्या तेलावर अर्धा तास घालवला होता.

"चौघं," टेपराव म्हणाला.

"हो का?" शेजारीण म्हणाली आणि तीन लिहून गेली.

माणसं विसरतात, असं तो स्वतःला सांगत राहिला. नवं घर, नवी धावपळ, बायकोला कामाचा ताण. प्रत्येक गोष्टीला एकेक कारण मिळत होतं, पण सगळी कारणं एकत्र ठेवली की एकही पटत नसे. कारण फॉर्मवर काय लिहिलंय ते त्याला माहीत होतं. ती खोली रिकामी होती. त्याच्याच अक्षरात होती.

तो रोज संध्याकाळी, आई बाहेर असली की, गुपचूप खोली मोजू लागला. आठ दहा. आठ दहा. पट्टी तिथेच अडायची, पलंगाच्या मधोमध, एक माणूस बसेल एवढ्या जागेत.

५

"अरे, तुला एक सांगू? हसू नकोस," आई एकदा म्हणाली. ती पलंगाच्या एका टोकाला अंग चोरून बसली होती, बसमध्ये शेजारच्याला जागा द्यावी तशी. "इथं कुणीतरी असतं बरं का. वाईट नाही हो. बिचारी सरकून जागा देते मला. पण जागा कमी पडते दोघींना."

"आई, काहीतरीच काय."

"काल विचारत होती, भाऊ पाणी घेऊन आला का."

हमालाचं बोलणं आईच्या कानावर गेलं नव्हतं, याची त्याला खात्री होती. की गेलं असेल? फलाटावर गोंगाट होता, आईचे कान अजून तिखट होते. त्याने त्याच काडीला धरलं.

"आई, आपण खोल्या बदलू. तू बाहेर झोप, आम्ही इथे येतो."

"आणि बबडीला आणू इथं? नको रे बाबा," आई म्हणाली. एरवी ती इतक्या पटकन कशालाच नाही म्हणत नसे. "मी आहे ती बरी आहे."

त्यानंतर तीन दिवसांनी तो कचेरीतून आला. बाहेरच्या खोलीत बायको आणि बबडी पत्ते खेळत होत्या. आई कुठे आहे, हा प्रश्न त्याच्या मनात आलाच नाही. तो आतल्या खोलीत गेला, खोलीत कुणी नव्हतं, बाहेर अजून उजेड होता. त्याने फाइलींची जड बॅग पलंगावर टाकली आणि शर्टाची बटणं काढू लागला.

"माझ्या मांडीवर टाकलीस बॅग," आई म्हणाली.

ती तिथेच होती, पलंगाच्या टोकाला. बॅग तिच्या मांडीवर होती आणि बॅगेच्या पट्ट्यात अडकून चष्मा खाली पडून मोडला होता. ती रागावली नव्हती. ती घाबरली होती. आपली आई घाबरलेली त्याने आजवर पाहिली नव्हती. "तूसुद्धा?" एवढंच ती म्हणाली.

टेपराव खाली बसला आणि तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडला. "माझं चुकलं आई, माझंच चुकलं," तो म्हणत होता. तिला वाटलं बॅगेचं म्हणतोय. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, आणि तो हात त्याला इतका हलका लागत होता की फिरतोय की थांबलाय ते कळत नव्हतं.

६

सकाळी त्याने मोडका चष्मा खिशात घातला. "संध्याकाळी दुरुस्त करून आणतो, खिडकीशी बस तोवर," तो आईला म्हणाला. "चष्म्याशिवाय काय दिसतंय मला," आई म्हणाली, "फलाट म्हणजे नुसता धुरळा." तरी ती खिडकीशी बसली.

चष्मा दुकानात टाकून तो थेट मोठ्या साहेबांपुढे जाऊन उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला. कपांचं आणि पट्टीचं नाही सांगितलं. खोलीत बाई होती, मी रिकामी लिहिलं, मग तेच घर मी घेतलं, एवढं सांगितलं.

साहेबांनी बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "टेपराव, हे दुरुस्त केलंत तर बँक तुम्हाला पुन्हा काम देणार नाही. घरावरही गदा येईल. कुणी विचारलेलं नाही, कुणी विचारणारही नाही. कशाला उकरता?"

"मला लिहायचंय साहेब. आज, आत्ता."

"आजचं घर लिहायचं तर नवा फॉर्म. मी उद्या दुसरा माणूस पाठवतो, तो बघेल, भरेल."

उद्या! उद्यापर्यंत आईचं काय होईल? आणि उद्याच्या माणसाला आई दिसली नाही तर? "नवा नको. जुन्यावरच दुरुस्ती करतो," तो म्हणाला.

फाइल आली. 'रिकामी' या शब्दावर त्याने रेघ मारली. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं: वापरात. एक वृद्ध स्त्री कायम राहते.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "एकच ना? त्या दिवशी एकच बाई होती?"

"एकच," टेपराव म्हणाला आणि सही केली. शेजारी तारीख होती, पहिल्या भेटीची.

बाहेर पडला तेव्हा त्याला बऱ्याच दिवसांनी मोकळा श्वास आला. नोकरी जाईल, जाऊ दे. घर जाईल, तेही जाऊ दे, भाड्याच्या खोलीत राहू, पण चौघं राहू. वाटेत त्याने चष्मा घेतला. नव्या काड्या छान बसल्या होत्या.

७

लिफ्टमधून उतरल्याबरोबर घरातलं हसणं ऐकू आलं. दार बबडीने उघडलं. बाहेरच्या खोलीत काहीतरी बदललं होतं आणि काय ते कळायला त्याला एक क्षण लागला. कोपराला काही लागलं नव्हतं. कपाट नव्हतं.

"आत बसलं एकदाचं!" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "आम्ही मायलेकींनीच ढकललं. वर चार इंच मोकळे. तुमचा आकडा बरोबर होता हो, मीच उगाच हसले." तिच्यासमोर ट्रे होता आणि ट्रेमध्ये चार कप होते.

चार. टेपरावने ते पुन्हा मोजले. त्याला ट्रेसकट बायकोला मिठी मारावीशी वाटली. आनंदाने त्याचे डोळे भरून आले. त्याने खिशातून चष्मा काढून तिच्यापुढे धरला. "आईचा चष्मा. अगदी नव्यासारखा झालाय."

बायकोने चष्मा उलटसुलट करून पाहिला. "कुणाचा हा? आईंना कुठं चष्मा आहे? सुईत दोरासुद्धा त्या बिनचष्म्याचा ओवतात."

"आजी," बबडी आत ओरडली, "बाबा आले!"

तो आतल्या खोलीच्या दारात गेला. संध्याकाळचं ऊन भिंतीवर होतं. पलंगाशेजारी, त्याच भिंतीला, कपाट नीट बसलं होतं. पलंगावर दाराकडे पाठ करून ती बसली होती, मांडीवर उशीचा अभ्रा. बबडी तिला टेकून बसली, रोजच बसत असावी तशी. टेपरावने चौकटीला धरायला हात पुढे केला, तेव्हा त्याच्या कमरपट्ट्याला अडकवलेला टेप निसटून खाली पडला आणि घरंगळत पलंगाकडे गेला.

तिने मागे न बघता दोन्ही पाय उचलले आणि त्याला वाट दिली.

"अहो, उभे काय राहिलात," बायको म्हणाली. "आईंना पाणी द्या आधी. मघापासून मागतायत. तुम्ही आणाल म्हणून थांबल्यात."

तो स्वयंपाकघरात आला. पेला नळाखाली धरला. खिडकीतून तीन नंबरचा फलाट दिसत होता, आणि बाकावर एक म्हातारी बाई बसली होती. अंग चोरून, एका टोकाला. डोळे बारीक करून, कपाळावर हात धरून, ती वर इमारतींकडे बघत होती. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, आपली कुठली ते तिला दिसत नसल्यासारखी.

"आई!" तो ओरडला. तिने मान वळवली, पण दुसरीकडेच.

गाडी आली आणि बाक झाकला गेला. टेपराव चष्मा मुठीत धरून उभा राहिला. डबे मोजू लागला, दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून. गाडी थांबली, निघाली, शेवटचा डबा गेला. बाक रिकामा होता.

पेला केव्हाच भरून वाहत होता. आतून सुई ठेवल्याचा आवाज आला. त्याने नळ बंद केला, पेल्याचा तळ शर्टाला पुसला आणि पाणी घेऊन तो आत गेला.